तोतया नव्हे हो, वेषधारी!

प्रश्न असा आलाय की स्टार वॉर्समधल्या सैनिकांची चिलखतं घालून काही हौशी लोक हॉस्पिटलात मुलांना भेटतात, चांगल्या कामासाठी पैसे गोळा करतात, त्यांना एका बातमीत 'तोतये सैनिक' म्हटलंय, ते बरोबर का, आणि मराठीत योग्य शब्द कोणता.

अजिबात बरोबर नाही. तोतया म्हणजे आपण तोच आहोत असं सांगून लोकांना फसवणारा, सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवा. ही मंडळी कुणाला फसवतायत? 501वी लीजन नावाची त्यांची संघटना 1997 साली अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी काढली, आज जगभर शाखा आहेत. वय 18च्या वर हवं, पोशाख स्वखर्चाने करायचा, आणि तो बारीकसारीक तपशिलांसह तपासून पास झाल्याशिवाय मेंबरशिप नाही. म्हणजे प्लास्टिकचे पांढरे पत्रे तापवून वळवायचे, खांद्यापासून नडगीपर्यंत तुकडे पट्ट्यांनी बांधायचे, मग नीट बसताही येत नाही नि हेल्मेटातून पायाखालचं दिसत नाही अशा अवस्थेत तासन्‌तास पोरांबरोबर फोटो काढायचे, आणि मानधन घ्यायचं नाही, कुणाला द्यायचंच असेल तर धर्मादाय संस्थेला द्या म्हणायचं. एवढं करून वर तोतया!

बहुरूपी पण नको, त्याचं ते पोट आहे. सोंगाड्या म्हटलं की तमाशा आठवतो. मी म्हणेन वेषधारी, आणि पोटफोड्या ष घालूनच. 'वेश हाच शुद्ध, वेष ही अशुद्ध सवय' असं ठासून सांगणारे शुद्धलेखनवाले भेटतात त्यांना माझा दंडवत, पण अमरकोश उघडायचे कष्ट घ्या की जरा, 'आकल्पवेषौ नेपथ्यं', पोशाखाच्या शब्दांत वेष बसलाय (आणि नेपथ्य पण पोशाखच बरं का, पडदे आणि फर्निचर नंतर आलं, पण तो वेगळा विषय). वेश येतो विश् धातूवरून, प्रवेशातला, म्हणजे शिरणं. वेष येतो विष् वरून आणि विष् म्हणजे काम करणं, खपणं, सेवा करणं. मोनियर विल्यम्सच्या 1899च्या संस्कृत-इंग्रजी कोशात वेष शब्दाखाली आधी काम, उद्योग असे अर्थ दिलेत, कपडे नंतर. ह्याच विष् ला परि लागला की परिवेषण, म्हणजे पंगतीत वाढणं, हिंदीतलं परोसना तिथूनच आलंय. वाढणारा तो परिवेष्टा.

आता खरी गंमत. ऐतरेय ब्राह्मण ह्या वैदिक ग्रंथात मरुत्त राजाची गाथा आहे, 'मरुतः परिवेष्टारो मरुत्तस्यावसन् गृहे', त्याच्या घरी मरुद्गण, म्हणजे वादळाचे देव, वाढपी म्हणून राहिले! आणि हे मरुत दिसतात कसे, तर ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात वर्णन आहे, खांद्यावर भाले, पायांत कडी, छातीवर सोनं, डोक्यावर सोनेरी शिप्रा, ज्याचा अर्थ बरेच जण शिरस्त्राण असा करतात. म्हणजे सगळे सारख्या पोशाखात, नखशिखान्त सजलेले सैनिक, आणि काम काय तर दुसऱ्याच्या घरी जाऊन वाढायचं. वेष आणि सेवा एकाच धातूतून निघतात ह्याला याहून झकास उदाहरण मला तरी माहीत नाही. कुणी म्हणेल धातू एक असला म्हणून कपड्याचा अर्थ सेवेतून आला हे सिद्ध होत नाही, नसेल होत, पण मग कपड्यांत 'शिरतो' म्हणून वेश, ही तुमची व्युत्पत्ती तरी कुठे सिद्ध झालीय? ती मुकाट्याने चालते आणि माझी चालत नाही हा कुठला न्याय!

हां, नुसतं वेषधारी म्हटलं तर ढोंगी असा वास येतो काही जणांना, त्यांनी पुढे हौशी लावावं. हौशी वेषधारी. कॉस्प्लेअर म्हणालात तरी माझी काही हरकत नाही, तो शब्दसुद्धा जपान्यांनी दोन इंग्रजी शब्दांची शेपटं छाटूनच केलाय.