नाव द्यायची घाई नको

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले माळावरचे फोटो नीट पाहिले. ही वनस्पती कुठल्याच पुस्तकात बसत नाही, हे तुझं म्हणणं मला पटण्यासारखं वाटतं. सह्याद्रीत अजूनही नव्या जाती सापडतात, त्याही घरापासून हाकेच्या अंतरावर. पण शोधनिबंध लिहायला बसण्याआधी तळेगाव दाभाडेची हकीकत ऐक.

तिथल्या गवताळ माळावर आदित्य धारप यांनी २०२० मध्ये डिक्लिप्टेरा या गटातल्या एका वनस्पतीचा नमुना घेतला. अडुळसा, कोरांटी, कारवी यांच्याच कुळातली ही वनस्पती. नमुना वेगळा वाटला, तरी नाव लगेच दिलं गेलं नाही. पुढची काही वर्षं ती झुडपं जागेवर जाऊन तपासली गेली, आणि त्यातून जे हाती आलं ते विलक्षण होतं.

पाऊस सरला की नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिला फुलं येऊ लागतात, मार्च-एप्रिलपर्यंत बहर चालतो. मग माळावर वणवा फिरतो, गवत जळून जमीन काळीठिक्कर पडते. मे-जूनमध्ये त्याच जळक्या जमिनीतून, लाकडासारख्या टणक बुडख्यातून बुटके धुमारे फुटतात आणि फुलांनी भरून जातात. हा दुसरा बहर थोड्या दिवसांचा, पण पहिल्याहून भरगच्च.

आता विचार कर. एकाने डिसेंबरात फांदी तोडली असती, दुसऱ्याने मेमध्ये. वाळलेले ते दोन नमुने शेजारी ठेवले असते तर एकाच जातीचे म्हणून ओळखायला किती कठीण! वर्षभराचं रूप पाहिलं म्हणूनच ती समजली. तिच्या फुलोऱ्याची ठेवणही भारतातल्या दुसऱ्या कुठल्याच डिक्लिप्टेरात नाही, जवळचं साम्य थेट आफ्रिकेतल्या जातींशी. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले या कुळाचे जाणकार इयान डार्बीशायर यांनी ती नवी असल्याला दुजोरा दिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे मंदार दातार आणि सहकाऱ्यांसह केलेला तो अभ्यास २०२४ मध्ये जगापुढे आला, डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा या नावाने.

तुझे सगळे फोटो एकाच दुपारचे दिसतात. फूल आहे, फळ नाही, बी नाही, पानाची मागची बाजू नाही. खुणेसाठी शेजारी साधी पट्टीही ठेवलेली नाही. एवढ्यावर कुठलाही जाणकार मत देणार नाही.

नमुना घेशील तेव्हा वर्तमानपत्राच्या घडीत एक पान उलटं ठेव, म्हणजे मागची लव आणि शिरा दिसतील. चार फुलं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाक. दाबलेल्या फुलात पुंकेसर कुठे चिकटलेत ते नंतर शोधणं फार जिकिरीचं होतं. रंग तिथल्या तिथे वहीत लिही, वाळल्यावर तो उडतोच. झुडपं कमी असतील तर एखादीच फांदी घे, मूळ उपटू नकोस. वनखात्याची जमीन असेल तर आधी परवानगी.

मग जुने नमुने पाहायला जा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, आहे, आघारकरचं आहे, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरच्या कुकच्या जुन्या ग्रंथात वर्णन जुळलं नाही म्हणजे जात नवी, असं होत नाही. एखाद्या जुन्या कागदावर, वेगळ्याच नावाखाली, तुझीच वनस्पती वाळून पडलेली असू शकते. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नकोस. हरवलेल्या जातीचा ठावठिकाणा लागणंही मोलाचंच आहे.

आणि एक कळकळीचं. वणव्यानंतर फुलणारी वनस्पती आहे म्हणून माळ पेटवून बघायचा मोह कुणालाही होऊ देऊ नकोस. आग कधी लागते, किती वेळा लागते, यावर सगळं अवलंबून असतं. वारंवार जाळला तर माळच संपेल. आपल्याकडे गवताळ माळाला सरळ 'पडीक' म्हणतात आणि प्लॉट पाडतात, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून फोटो कुठेही टाकलास तरी नेमकी जागा उघड करू नकोस.

दिवाळीनंतर फळं धरली की फोन कर, मी येतो. भिंग माझ्याकडे आहे. जाड पुठ्ठे, जुनी वर्तमानपत्रं आणि वही तेवढी तू आण.