‘रान नको’ म्हणाले काका

वडिलांचा हात चालत नाही, सही जुळत नाही, बँक पैसे देत नाही. मग मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, कसं करायचं? ही काळजी घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात.

गेल्या पावसाळ्यात सांगलीत एक काकू मुलाला घेऊन आल्या. काका तासगावकडचे, हळद-उसाचे शेतकरी. अर्धांगाचा झटका येऊन मिरजेच्या दवाखान्यातून घरी आलेले, उजवा हात गेलेला. उसाचं बिल खात्यात पडून होतं आणि औषधं हातउसन्या पैशांवर चालली होती. मुलाने स्टँप पेपरवर मजकूर टाइप करूनच आणला होता. कुणीतरी सांगितलं होतं, "अंगठा घरून घेऊन या, नोटरीचा शिक्का मारून देतो."

तिथंच मी त्याला थांबवलं. माणूस समोर बसला, ओळख पटली, मजकूर समजून त्याने आपल्या राजीखुशीने अंगठा उठवला, हे नोटरीने स्वतः पाहिल्याची ग्वाही म्हणजे तो शिक्का. त्याच भरवशावर न्यायालय असं मुखत्यारपत्र खरं धरून चालतं. अंगठा चालतो, पण नोटरीच्या डोळ्यांदेखत उठवलेला.

मी घरी गेले आणि काकांशी एकटीच बोलले. जीभ जड झाली होती, पण हळदीची शेवटची पट्टी, म्हणजे विक्रीचं बिल, किती आली हे त्यांनी रुपयांसकट सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. कारण भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, देणारा वारला किंवा त्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते. विसरभोळेपणा पार वाढल्यावर धावपळ करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांना पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून हात गेला तरी डोकं शाबूत आहे तोवरच हे काम उरकावं, असं मी कळकळीने सांगते.

मग मजकूर वाचून दाखवला. ‘सर्व मिळकती विकणे, गहाण ठेवणे’ आलं तसा काकांनी डावा हात वर केला. "रान नको." म्हणजे शेत विकायचा अधिकार द्यायचा नाही. मुलगा ओशाळला; टंकलेखकाकडचा ठरीव मजकूर त्याने वाचलाच नव्हता. ती ओळ काढली. खाते, ठेवी, उसाचं बिल, एवढेच अधिकार ठेवले. बँकेचा स्वतःचा नमुना असतो, तो आधी मागून घेतला.

नोटरी घरी आले. मजकूर पुन्हा वाचला, डाव्या अंगठ्याला शाई लावली. दोन शेजारी साक्षीला होते. नोटरीच्या नोंदवहीतही अंगठा घेतला. (जमिनीचा दस्त नोंदवायला एवढं पुरत नाही, ते मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकासमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर करावं लागतं, आणि अंथरुणाला खिळलेल्यासाठी हे अधिकारी घरी येऊ शकतात.) नुसते पैसे काढायचे असतील तर मुखत्यारपत्राविनाही सोय आहे: रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर अंगठा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

आता मुलगा पासबुक भरून आणतो, तेव्हा काका ते आधी मांडीवर घेतात, डाव्या बोटाने ओळ न् ओळ पाहतात आणि मगच काकूंकडे ठेवायला देतात.