अमेरिकेत ट्रेलर पार्कमध्ये, म्हणजे हलवता येणाऱ्या घरांच्या वसाहतीत, शेजारी रात्रभर दंगा करतात, काय करावं?

आधी पार्कच्या मॅनेजरकडे लेखी तक्रार द्या. तोंडी सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही. तिथे बहुतेकदा घर स्वतःचं, पण खालची जागा भाड्याची असते. त्यामुळे दंगेखोरही पार्कच्या नियमांना बांधलेला असतो. कॅलिफोर्नियात तर मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ या अशा घरांसाठीच्या कायद्यानुसार इतर रहिवाशांना मोठा उपद्रव देणं हे जागा खाली करायला लावण्याचं कायदेशीर कारण आहे. नियम मोडल्यास सुधारण्यासाठी ७ दिवसांची लेखी नोटीस मिळते. म्हणून तारीख, वेळ, काय घडलं ते वहीत टिपत राहा, पुरावा तोच. आवाजाची तक्रार पोलिसांच्या साध्या नंबरवर. धमकी किंवा मारामारी असेल तर थेट ९११. ‘मग दुसरीकडे जा ना’ म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. असं घर हलवायला हजारो डॉलर लागतात आणि जुनं घर बरेच पार्क घेतच नाहीत.