बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटला घरी आणल्यावर काय खायला द्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना त्यांच्या भावाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी देऊन ४० दिवस झालेत, सध्या पुण्यात भाड्याच्या खोलीत आहात आणि डॉक्टरांनी सोडलं की मिरजेला घरी आणणार. वजन सहा किलो उतरलंय, ताट पुढं आलं की ते मान फिरवतात आणि नातेवाईक रोज नवा काढा सुचवतात. मी डॉक्टर नाही. जानेवारी २०२२ मध्ये आमच्या ह्यांचं ट्रान्सप्लांट झालं. एएमएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर होता, पेशी नणंदेच्या. तेव्हापासून तासगावच्या आमच्या स्वयंपाकघरात काय जमलं आणि काय चुकलं तेवढं सांगते.

आधी एक मनातून काढा, ते नखरे करत नाहीयेत. किमोनं तोंडापासून आतड्यापर्यंत आतलं सगळं अस्तर सोलवटून निघतं. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, वर आले की तोंडातल्या जखमा भरतात, पण चव परत यायला कित्येक महिने जातात. ह्यांना पाणीसुद्धा गंजक्या नळाचं लागायचं. मी स्टीलचा चमचा काढून प्लास्टिकचा दिला, त्यानं थोडा फरक पडला. गरम जेवणाचा वास आला की उमळायचं, म्हणून ताजी केलेली नाचणीची खीर लगेच गार करून द्यायची. खाण्याआधी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून चूळ भरायची. त्यानंतर चार घास जास्त जायचे, हे मी मोजलंय.

मोजायचंच ठरवलं होतं. ५७ किलो वजनाला आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला साधारण १८०० कॅलरी आणि ८५ ग्रॅम प्रथिनं सांगितली होती. एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठ्या कपभर दुधात आठ. म्हणजे नुसत्या पेजेवर आणि वरणाच्या पाण्यावर हा हिशेब कधीच जुळत नाही, आणि आपल्याकडं आजारी माणूस म्हटलं की पेजच पुढं येते. दर दोन तासांनी एक वाटी, पण भरीव. मऊ खिचडीत अंडं फोडून पूर्ण शिजवायचं, शिऱ्यात दूध पावडर, चिकनचं नुसतं सूप न देता मांस कुस्करून. पोट बिघडलेलं नसेल तेव्हाच हं हे सगळं.

स्वच्छतेबद्दल दोन टोकं बघायला मिळतील. पूर्वी जवळजवळ सगळं कच्चं बंद करत. इटलीतल्या बऱ्याच हॉस्पिटलांनी मिळून केलेला अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. त्यात धुऊन-सोलून फळं खाणाऱ्यांना कडक पथ्यवाल्यांपेक्षा जास्त इन्फेक्शन झालं नाही. तरी तुमच्या ट्रान्सप्लांट युनिटनं जी यादी दिलीय तीच पाळा, माझी किंवा इटलीची नको. मी स्वतः शिळं अजिबात ठेवलं नाही. मसाला फोडणीतच, वरून चिमूटभरही भुरभुरायचा नाही. कोथिंबीर पेरायची सवय मोडायला मला महिना लागला. शेंगदाण्याचं कूट तेव्हाच भाजलेल्या दाण्यांचं, डब्यातलं नाही. शेजारच्या गोठ्यातलं दूध बंद, पिशवीचं आणि तेही उकळून. ह्यांचं काम हळदीच्या अडतीत, तिथं वर्षभर पाऊल टाकू दिलं नाही. हळदीला काही दोष नाही, पण पोत्यांच्या धुळीत बुरशीचे कण असतात आणि ते अशा माणसाच्या फुप्फुसात जाऊन बसतात. तुमच्या घरात पावसाळ्यात ओल येणारी भिंत असेल तर त्या खोलीत त्यांना झोपवू नका.

आता आमची फजिती. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, ग्रेपफ्रूट खाऊ नये. पुतण्यानं वाचून सांगितलं, द्राक्षं बंद. तासगावात द्राक्षं बंद म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. बाग आमची, घरात माल, आणि हे खिडकीतून बघणार. सुरुवातीला काउंट कमी असताना तशीही बंदच होती, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. पुढं गणपतीत कोकणातल्या पाहुण्यांनी पपनस आणलं. सोललेल्या फोडी, आंबटगोड, ह्यांना आवडल्या म्हणून मी कौतुकानं वाटीभर दिल्या. दिलेल्या पेशी शरीरावर उलटू नयेत म्हणून टॅक्रोलिमस नावाचं औषध चालू होतं. पुढच्या तपासणीत त्याची रक्तातली लेव्हल चढलेली आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही वर. डॉक्टरांनी काय काय खाल्लं विचारलं तेव्हा उलगडा झाला. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हेच, पपनसाच्या जातीचं मोठं लिंबूवर्गीय फळ. त्यातल्या घटकांमुळं शरीर हे औषध नेहमीसारखं मोडू शकत नाही आणि ते रक्तात साठतं. निषिद्ध फळ आम्ही वाटीभर चारलं आणि चालणाऱ्याची सहा महिने भीती बाळगली! त्याच कामासाठी देतात त्या सायक्लोस्पोरिनलाही हेच लागू आहे. आणि लेव्हलचं रक्त द्यायचं त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ट्रान्सप्लांटनंतर ६३व्या दिवशी जुलाब सुरू झाले. सासूबाईंनी डाळिंबाच्या सालीचा काढा दिला, मी ताक-भात दिला, दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी हिरवट पाणीच पडायला लागलं. नणंदेच्या पेशी ह्यांच्या आतड्यावर उलटल्या होत्या, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. दुर्बिणीतून तुकडा काढून तपासल्यावर कळलं. पण जुलाब सीएमव्ही नावाच्या विषाणूनंही होतात, अँटिबायोटिकनंतरच्या जंतूनंही आणि मॅग्नेशियमच्या गोळ्यांनीही. प्रत्येकाचा उपचार वेगळा, म्हणून दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणू नका. किती वेळा, किती, कोणता रंग ते लिहा आणि फोन करा. आमच्याकडं आधी तोंडानं सगळं बंद झालं, मग पेज, मग तूप-दूध-कोंडा काही नसलेला मऊ भात. एकेक पदार्थ दोन-तीन दिवसांच्या अंतरानं वाढवला. दूध सगळ्यात शेवटी परत आलं.

त्यात जीव्हीएचडीसाठी स्टेरॉइड. भूक खवळली, साखर वाढली आणि मांड्या मात्र वाळल्या. कपबशी सहज उचलायचे, पण खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागायचे. तेव्हा प्रथिनांसोबत रोज दहा वेळा खुर्चीतून ऊठबस करायला फिजिओथेरपीवाल्यांनी लावलं. नुसतं खाऊन मांड्या भरत नाहीत.

बीट, गूळ, लोहाचं टॉनिक घेऊन येणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवा. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडं नाही. ह्यांना बावीस पिशव्या लागल्या होत्या. फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाची रक्ततपासणी, बघून डॉक्टरच लोह कमी करायचं बघतात, तिथं आपण टॉनिक कशाला ओतायचं? बीट भाजी म्हणून शिजवून खाल्लं तर बिघडत नाही. गुळवेल, पपईच्या पानांचा रस, कोरफड यांना मी उंबऱ्याबाहेर ठेवलं. प्रतिकारशक्ती चाळवणारी वस्तू इथं उलटी पडू शकते आणि यकृतावर आधीच गोळ्यांचा भार असतो.

वजन रोज सकाळी, लघवीनंतर, त्याच काट्यावर. उतरलं की काळजी असतेच, पण दोन दिवसांत दोन किलो चढलं तर आनंदानं पेढे आणू नका. ते पाणी असू शकतं, पाय, पोट, डोळ्यांचा पिवळेपणा बघा आणि कळवा. ताप १००.४ ला टेकला की पॅरासिटामॉल न देता आधी युनिटला फोन, रात्रीचे दोन असले तरी. पुणं चार-पाच तासांवर आहे, त्यामुळं सांगली-मिरजेतले रक्तविकाराचे डॉक्टर निघायच्या आधीच ठरवून ठेवा आणि फाइलची झेरॉक्स त्यांच्याकडं द्या.

ह्यांनी पहिली मागणी केली ती भडंगाची, सातव्या महिन्यात. लसूण कमी, दाणे घरी तळलेले, तिखट फोडणीतच. मूठभर खाऊन म्हणाले, "मीठ जरा कमी आहे." चव आल्याचं मला तिथं कळलं.

तुमच्याकडं बुरशीवरची गोळी व्होरिकोनाझोल चालू असेल तर ती रिकाम्या पोटी लागते आणि दर दोन तासांच्या खाण्यात ती बसवताना डोकं फिरतं. कोणत्या गोळ्या किती वाजता आहेत ते खाली लिहा, आमच्या वहीतलं वेळापत्रक टाकते. युनिटला एकदा दाखवून मग वापरा.