वर्गात बोलले म्हणून नोटीस. माफीनामा द्यायचा का?

प्रश्न : मी सोलापुरातल्या एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. सोलापुरातला 1930 चा मार्शल लॉ (लष्करी कायदा) शिकवताना एका मुलाने विचारलं, ‘आता जमावबंदी लागते, तीही तसलीच का?’ मी साम्यही सांगितलं, फरकही. त्यातला तेवढाच तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. ‘राजकीय तटस्थतेचा भंग’ म्हणून कारणे दाखवा नोटीस आली आहे. प्राचार्य तोंडी म्हणतात, माफीनामा द्या, विषय मिटवू. काय करू?

उत्तर : मॅडम, माफीनामा देऊ नका. ‘मिटवू’ हा शब्द हवेत विरतो, तुमची सही मात्र फाइलला लागते. पुढे चौकशी बसलीच तर तीच कबुली म्हणून वाचून दाखवतील.

नोटीस पुन्हा वाचा. नेमका कुठला नियम मोडला, हे लिहिलंय? बहुतेक वेळा नसतंच. ही तटस्थता 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतून उचलतात. ते नियम सरकारी कर्मचाऱ्यांचे. खासगी संस्थेत पगार अनुदानातून मिळतो एवढ्यावरून ते तुम्हाला आपोआप लागत नाहीत. शिक्षकाने राजकारणापासून दूरच राहायचं असतं, तर घटनेच्या कलम 171 ने विधान परिषदेत शिक्षकांच्या जागा ठेवल्या असत्या का? पुणे शिक्षक मतदारसंघात आपला जिल्हा आहेच.

तुम्हाला लागू होते ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या विनियमांतली आचारसंहिता. समाजात द्वेष पसरवू नका, विद्यार्थ्यांना प्रशासनाविरुद्ध भडकावू नका, असं ती सांगते. मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणं त्यात बसत नाही. मात्र त्याच तासाला ‘अमक्याला मत देऊ नका’ असं काही बोलून गेला असाल, तर ते मला आधी सांगा. तिथे बचाव अवघड आहे.

उत्तर मुदतीतच द्या, एका पानात. तक्रारीची प्रत, पूर्ण रेकॉर्डिंग आणि नियमाचा क्रमांक मागा. अभ्यासक्रमाचं पान जोडा. त्याच मार्शल लॉच्या प्रकरणात सोलापूरच्या धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या पुतळ्यांच्या चौकावरून, चार पुतळ्यावरून, रोज कॉलेजला येणाऱ्या मुलाला असा प्रश्न पडणारच, हेही बिनदिक्कत लिहा. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.

तुम्ही कायम आहात की सीएचबीवर (तासिका तत्त्वावर), ते लिहिलेलं नाही. कायम असाल आणि उद्या सेवेतून काढलंच, तर 2016 च्या विद्यापीठ कायद्याखाली न्यायाधिकरणात अपील करता येतं. आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत. सीएचबीवर असाल तर कोणी काढत नाही, पुढच्या वर्षीची ऑर्डरच निघत नाही. तसं असेल तर आजवरच्या सगळ्या ऑर्डरी घेऊन भेटा.