१/७२ विमानासाठी चाकू : स्टेशनरीचा कटर चालेल का?

तुमचा प्रश्न असा की १/७२ चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं प्लास्टिकचं विमान जोडायचा, पहिला किट घेतलाय, घरात स्टेशनरीचा कटर आहे, त्यावर भागेल की हॉबी नाइफ मागवावा? कटरवर भागणार नाही. पण फार खर्चही करू नका.

कटरला धार असते, स्थिरता नसते. ९ मिमीचं पातं खोबणीत सैल बसतं आणि जोर दिला की डुलतं. तुकडे मोडायच्या पात्याचा हा कटर १९५६ साली ओसाकात निघाला तो कागद कापण्यासाठी, आणि कागदाला तो आजही झकास. प्लास्टिक शीटवर रेघ मारून ती मोडायची असेल तर मीही तोच उचलतो. पण पंखाच्या कडेवरचा स्प्रूचा (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) उरलेला खुंट तासताना टोक नेमकं कुठे जाणार याची खात्री लागते.

त्यासाठी हॉबी नाइफ, म्हणजे पेनासारखी, पुढचा चक (पातं पकडणारा जबडा) पिळून पातं घट्ट बसवायची मूठ घ्या आणि ११ नंबरची टोकदार पाती. मूठ धातूची हवी. प्लास्टिकचा चक लवकर सैल होतो. टेबलावरून घरंगळणार नाही अशी षट्कोनी मिळाली तर उत्तम, कारण पडणारा चाकू झेलायला हात आपोआप पुढे जातो.

दुसरी मूठ सर्जिकल साहित्याच्या दुकानातून : ३ नंबरची स्काल्पेलची (शस्त्रक्रियेच्या चाकूची) मूठ आणि तिची ११ नंबरची पाती. मुंबईत असाल तर प्रिन्सेस स्ट्रीटला चक्कर मारा. इथे नवखे हमखास गोंधळतात. हॉबी नाइफचं ११ आणि स्काल्पेलचं ११ ही वेगळी पाती आहेत, एकाचं दुसऱ्यात बसत नाही. ४ नंबरची मूठही आणू नका, तिला १८ नंबरपासूनची मोठी पाती लागतात.

स्काल्पेलचं पातं पातळ असतं. डेकल (विमानावर चिकटवायची चिन्हं) आणि रंगवताना लावायच्या मास्किंग टेपला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण आडवा जोर दिला की टोक तुटून उडतं. त्याने खुंट तासू नका, आणि चष्मा असू द्या. पातं चढवताना-उतरवताना बोटं नकोत, बारीक पक्कड वापरा. तिथे बोटं सहज कापतात.

खुंट एका घावात काढायचा नाही. निपरने (छोट्या कातरपक्कडीने) थोडा ठेवून तोडा, मग चाकूने पातळ पापुद्रे काढत या. एकदम दाबलं की प्लास्टिकवर पांढरा डाग पडतो, आणि गडद रंगाच्या पार्टवर तो फार दिसतो. जोडाची कड घासायला पात्याची पाठ वापरा, धार नव्हे.

पातं कधी बदलायचं? मास्किंग टेप कापून बघा. कड स्वच्छ न येता टेप चुणली, ओढली गेली, की बदला. पात्यात कंजुषी करणारे लोक महागड्या किटवर ओरखडे काढतात, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय.

फोटोएच पितळ, म्हणजे बारीक भाग कोरलेला पितळेचा पत्रा, कापायचं असेल तर कटिंग मॅटवर नको, भाग खाली दबून वाकतो. फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर ठेवा आणि १५ नंबरचं गोलसर पातं वरून दाबा. ते त्याच ३ नंबरच्या मुठीत बसतं. वापरलेली पाती झाकणाला चीर पाडलेल्या डब्यात टाका, कचऱ्यात सुटी नकोत. कचरा वेचणारे हातांनीच वेचतात.