कडीचं तोंड आधी, डाख नंतर

ताई, तुमच्या प्रश्नात तीन अडचणी एकत्र आल्यात. मण्यांच्या साखळीतल्या चांदीच्या कड्या ओढ बसली की उघडतात. त्या जोडायला तुम्ही सोल्डरिंग आयर्न आणलं, तर डाख, म्हणजे सांधा जोडायला वितळवतात तो धातू, गोळी होऊन गळून पडला. मग स्वयंपाकघरातली ब्युटेनची टॉर्च लावली, तर कडीच वितळली. शिवाय मोती ओवून झाल्यावर शेवटची कडी कशी जोडायची, हेही विचारलंय. मी हे काम हुपरीतल्या एका कारागीर मावशींच्या घरी बसून शिकले. तिथे चांदीच्या कड्या, घुंगरं, साखळ्या घरोघरी होतात आणि बायकांचा हात त्यात फार तयार असतो. पहिले काही दिवस मावशींनी मला ज्योतीला हातही लावू दिला नाही, नुसत्या कड्या बंद करायला लावल्या. तेव्हा मला राग यायचा. आज कुणी शिकायला आलं तर मीही तेच करते.

आधी ते सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवा. त्यासोबत मिळणारा डाख बहुधा शिसं-कथलाचा असतो, १८३ अंशांच्या आसपास वितळतो. तो तारा जोडायला ठीक, पण गळ्यात घालायच्या कडीला नाही. तो सांधा मऊ असतो, ओढ सहन करत नाही, आणि अंगाला लागणाऱ्या दागिन्यात शिसं नकोच. दुसरं म्हणजे, अशा डाखाचा कण चांदीवर राहिला आणि ती चांदी पुढे कधी लाल तापवली, तर शिसं चांदीत उतरून तिला खड्डे पाडतं. ज्या कड्यांवर प्रयोग केलात त्या वेगळ्या डबीत ठेवा, चांगल्या चांदीत मिसळू नका.

दागिन्याला चांदीचाच डाख लागतो, म्हणजे चांदीत तांबं आणि जस्त मिसळून केलेला. सोनारी सामानाच्या दुकानात पत्र्याच्या रूपात मिळतो. कोल्हापुरात गुजरीच्या आसपास मिळेल, इतर गावांत सराफ कट्ट्याजवळ विचारा. मागताना कॅडमियम नसलेला मागा. सोन्याच्या दागिन्यांना ‘केडीएम’ म्हणायचे, ते त्यांच्या डाखातल्या याच कॅडमियममुळे. ते ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे डाख वितळतो त्याच्या जवळपासच, आणि त्याचा धूर फुप्फुसांना फार घातक. घरच्या बंद खोलीत तर तो नकोच. कॅडमियम नसलेला डाख वापरला तरी खिडकी उघडी हवी.

आता कडी का वितळली ते. ९२.५ ची चांदी, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग शुद्ध, ८०० अंशांच्या आसपास वितळायला लागते आणि ९०० च्या आत पूर्ण पातळ होते. सहज वितळणारा डाख ७०० च्या थोडा वर वाहतो. म्हणजे हाताशी शंभरेक अंशांचं अंतर, आणि १ मिमी तारेची कडी ते दोन-तीन सेकंदांत पार करते. पण तुम्ही लिहिलंय की ‘डाख वितळून नुसता तिथेच बसला, म्हणून आणखी तापवलं.’ दोष तिथे आहे, ज्योतीत नाही. कडीच्या तोंडात, म्हणजे तारेची दोन टोकं भिडतात तिथे, फट होती. वितळलेला डाख केसाएवढ्या जागेत आपणहून ओढला जातो, पण दिसणारी फट तो भरत नाही. तो एका बाजूला चिकटून बसतो, आपण ताव वाढवत राहतो आणि शेवटी कडीचीच गोळी होते.

म्हणून सगळं लक्ष तोंडावर द्या. तार आधी तापवून मऊ करून घ्या. ४ मिमी जाडीच्या धातूच्या विणकामाच्या सुईवर ती घट्ट, एकाला एक लागून गुंडाळा. मग कटरने कापू नका. कटर तारेला दोन्हीकडून चेपतो, टोक छपरासारखं उतरतं होतं आणि अशी दोन टोकं कधीच सपाट भिडत नाहीत. सोनारी आरीने कापा. बारीक पातं, ३/० किंवा ४/० नंबरचं, दात मुठीकडे वळलेले. कडी बंद करताना दोन पकडी घ्या आणि टोकं समोरासमोर न दाबता एक पुढे, एक मागे अशी हलवा. थोडी एकमेकांच्या पलीकडे नेऊन परत आणा, म्हणजे ती एकमेकांवर रेटून बसतात आणि हलकी ‘टक्’ जाणवते. हा रेटा महत्त्वाचा आहे. नुसती टेकवलेली टोकं ताव लागला की तार सैल होऊन उघडतात. मग कडी खिडकीकडे धरून बघा. तोंडातून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा बंद करा. मावशी नख फिरवून बघायच्या. नख अडलं की कडी परत.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण यात बऱ्याच जणी फसतात. परदेशी व्हिडिओतला गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, आणि आपल्या दुकानातला गेज एक नाही. त्यांचा १८ गेज म्हणजे १.०२ मिमी, आपल्याकडच्या एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापाचा १८ म्हणजे १.२२ मिमी. त्यांच्या मापाची सुई आणि आपली तार घेतली तर कड्या एकमेकींत अडकून साखळी ताठ होते. तार नेहमी मिलिमीटरमध्ये मागा.

डाख नीट पसरायला टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, लागतो. तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल. खडा दगडावर पाण्याचे थेंब टाकून उगाळायचा, चंदनासारखा. साय होईल इतका दाट लेप तोंडावर लावा. हवेमुळे चांदीतलं तांबं काळं पडतं आणि काळ्या पडलेल्या धातूवर डाख पसरत नाही, टाकणखार ते अडवतो. डाखाचा तुकडा मोहरीच्या निम्म्याहूनही लहान पुरे. कडी विटेवर ठेवा, तुकडा तोंडाच्या खाली येऊ द्या. ज्योत तोंडावर रोखू नका, पूर्ण कडीभोवती गोल फिरवत राहा. टाकणखार आधी फुगून पांढरा होतो, तेव्हा तुकडा सरकला तर चिमट्याने जागेवर आणा. मग तो काचेसारखा पातळ होतो. हीच खूण, आता फार वेळ नाही. डाख नेहमी जास्त तापलेल्या बाजूला धावतो, म्हणून दोन्ही टोकं सारखी तापायला हवीत. तोंडातून चकचकीत रेघ पळताना दिसली की त्या क्षणी ज्योत बाजूला. खोलीत उजेड कमी ठेवा, भर उन्हात चांदीचा लालसरपणा दिसतच नाही. पदर, ओढणी, केस बांधून बसा.

पहिल्या पन्नास कड्या तांब्याच्या करा. उघडी तांब्याची तार घ्या. मोटारीची वाइंडिंग वायर नको, तिच्यावर वार्निश असतं. तांबं १०८५ अंशांना वितळतं, म्हणून चुकायला जागा मिळते, आणि चांदीचा डाख त्यावरही बसतो.

साखळीला सगळ्या कड्या एकामागून एक जोडत जाऊ नका. निम्म्या कड्या आधी सुट्याच डाखून ठेवा. मग दोन बंद कड्यांमध्ये एक उघडी घालून डाखा, तीन झाल्या. तीन आणि तीनमध्ये एक घातली की सात, मग पंधरा, मग एकतीस. एकतीसच्या साखळीत सोळा कड्या मोकळ्या बसून होतात आणि फक्त पंधरा अडचणीच्या. डाखायचं तोंड वर घ्या, बाकीच्या कड्या खाली लोंबू द्या. शेजारच्या सांध्यावर गेरूचा पाण्यातला लेप लावा, म्हणजे जुना डाख पुन्हा पळत नाही. हा लेप नव्या तोंडाला मात्र लागू देऊ नका, तिथेही डाख बसणार नाही.

झाल्यावर कडी पाण्यात विझवा आणि तुरटीच्या पाण्यात उकळा, काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात. लोखंडी चिमटा आत घालू नका, पाण्यात उतरलेलं तांबं चांदीवर चढून ती गुलाबी होते. लाकडी काडीने काढा. मग रिठ्याचं पाणी आणि पितळी ब्रश.

आता मोत्यांचं. मोती ओवल्यावर शेवटची कडी डाखायची नाही. मोती आणि पोवळं चुन्याच्या जातीचं असतं, ज्योतीने करपतं आणि तुरटीच्या पाण्यासारख्या आम्लात विरतं. काचेचे काळे मणी तडकतात, आतून लाख भरलेले पोकळ सोन्याचे मणी तर बिघडतातच. दागिने ओवून गाठवणाऱ्या आपल्या पटवेकऱ्यांचं काम बघा. सोनाराचं सगळं डाखकाम आधी संपलेलं असतं, मणी गाठवायचे ते त्यानंतर. तुम्हीही तसंच करा. साखळीचे तुकडे, टोकाच्या कड्या आणि फाशाची कडी आधी डाखून, उजळून ठेवा. मग प्रत्येक मणी ०.५ मिमीच्या मऊ तारेवर घेऊन तिचं टोक डाखलेल्या कडीतून काढा आणि स्वतःभोवती दोन-तीन वेढे घट्ट द्या. तो वेढा ओढीने उघडत नाही आणि त्याला डाख लागत नाही. तयार माळेचीच कडी तुटून आली असेल, तर लेझर वेल्डिंग करणाऱ्या दुकानात द्या. तिथे ताव टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतच लागतो, शेजारच्या मोत्याला झळ बसत नाही.

तांब्याच्या पहिल्या दहा कड्या झाल्या की तोंडाचे जवळून फोटो टाका. डाखायच्या आधीचे, नंतरचे नकोत.